बांबू वाजला की दूर

माणसं माझ्याशी दोन प्रकारे बोलतात. काही जण मोठ्यानं बोलतात, डोळ्यांबरोबर माझे कानही गेले असावेत अशा समजुतीनं. बाकीचे माझ्याशी बोलतच नाहीत, माझ्या शेजारच्याशी बोलतात. गोंदियातल्या एका कार्यालयात मी टेलिफोनवर बसते. तिथला चहावाला रोज बाजूच्या टेबलाला विचारतो, "मॅडम चाय लेंगी क्या?" बाजूच्या टेबलावर कोणी नसेल तर मला चहा मिळत नाही. एकदा मी म्हटलं, "भैया, मॅडम यहीं बैठी है, मॅडम से पूछो." तो इतका घाबरला की पुढचे काही दिवस आमच्या खोलीकडे फिरकलाच नाही. म्हणजे चहा तेव्हाही मिळाला नाहीच.

माझी माय तिसऱ्या प्रकारातली आहे. ती मुळात बोलतच नाही.

आमचं गाव आमगावपासून थोडं आत आहे. चहूकडे पोवारांच्या धानाच्या बांध्या आणि गावामागे बोडी, म्हणजे लहानसं तळं. आम्ही ढिवर. जमीन त्यांची आणि पाण्यातलं काम आमचं, अशी साधी वाटणी. माय बोडीत शिंगाडा लावायची. बाबा कामासाठी रायपूरकडे गेले आणि तिकडचेच झाले, त्याबद्दल आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही. शाळेत जायच्या वयात माझं दिसणं कमी कमी होत गेलं आणि एका वर्षी संपलं. आता उजेड आहे की नाही एवढंच कळतं. त्याबद्दलही फारशी चर्चा झाली नाही.

शिंगाडा तोडायच्या दिवसांत मला घरी एकटीला ठेवणार कोण? माय मला डोंग्यात, आमच्या लाकडी होडीत, बसवून न्यायची. मी एका जागी बसणारी नव्हते. वाकून पाणी चिवडायची, डोंगा हलवायची. शेवटी वैतागून तिनं माझ्या कमरेला दोर बांधला आणि पाण्यात सोडून दिलं. ढिवराच्या पोरीला पोहायला वेगळं शिकवावं लागत नाही. मला जमायला लागल्यावर तिनं दोर काढला.

आता प्रश्न वेलाचा होता. शिंगाड्याचा वेल पाण्यावर पसरतो, त्याच्या दोऱ्या खाली लोंबतात आणि फळाला काटे असतात. माय डोंग्यातून वेलाच्या कडेला तोडणी करायची आणि मी मोकळ्या पाण्यात पोहायची. मी वेलाकडे सरकू लागले की ती बांबूनं डोंग्याची कड ठोकायची. ठक, ठक. "बांबू वाजला की दूर होजो," एवढीच काय ती शिकवणी. मी एकदा ऐकलं नाही. वेलात पाय गुंतला, पोटरी काट्यांनी सोलून निघाली, नाकातोंडात पाणी गेलं. त्या दिवसानंतर तो आवाज अंगातच बसला. ठक झालं की विचार करण्याआधी अंग दुसरीकडे वळायचं. आणि मी नीट चालले असेन तर माय काहीच करायची नाही. बांबू नाही, हाक नाही, काही नाही. माझं सगळं लहानपण मी त्या बोडीत मायच्या आवाजापासून लांब पळत पोहले.

पुढे ती मला नागपूरच्या अंधशाळेच्या वसतिगृहात सोडून आली. मग शिक्षण, मग ही नोकरी, मग गोंदियात रेल्वे लाइनीजवळ भाड्याची एक खोली. खोली चांगली आहे. सगळं हाताशी आहे. संध्याकाळी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा कुकर वाजतो, त्यांचं भांडण होतं, समेट होतो, टीव्ही लागतो. मी एकटीचा भात लावते आणि त्यांच्या मालिकेचा पुढचा भाग ऐकते. मायकडे फोन आहे, पण तो तिनं देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा ठेवला आहे. गावात कोणी वारलं तर फोन येतो, किंवा माझी तब्येत बिघडल्याचं तिला स्वप्न पडलं तर. बाकी नाही. सणाला नाही, मला बढती मिळाली तेव्हाही नाही. याचं मला वाईट वाटायचं आणि वाईट वाटतं हे कबूल करायचा राग यायचा.

कधीमधी रविवारी मी पॅसेंजरनं गावी जाऊन बोडीत पोहून यायची. पाठीवर पडून राहिलं की वरून बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घरघरत जायची. मला त्या शिकणाऱ्यांचा हेवा वाटायचा. वर एकटे असले तरी त्यांच्या कानात कोणीतरी सतत बोलत असतं, आता वळ, आता खाली ये. शहरातल्या तरणतलावातही मी जायचे, पण तिथं दोन दोऱ्यांच्या मधे जाऊन-येऊन करताना गोठ्यात बांधल्यासारखं व्हायचं. तिथले पोहण्याचे सर मात्र सरळ माझ्याशीच बोलायचे. त्यांनीच सांगितलं, "ताई, आपल्या जिल्ह्यातल्या धरणात दहा किलोमीटरची स्पर्धा होऊन राहिली. सगळ्यांसाठी खुली आहे. तुम्ही का नाही?"

मी आयोजकांना फोन केला. पलीकडचे गृहस्थ एकदम भारावले. "तुम्ही तर आलंच पाहिजे! उद्घाटनाला काठाजवळ थोडं पोहून दाखवा. आपण सत्कार करू. शाल, श्रीफळ. लोकांना प्रेरणा मिळेल."

"शाल पाण्यात भिजेल," मी म्हटलं. "मला दहा किलोमीटर पोहायचं आहे. सगळ्यांबरोबर. सगळ्यांच्या यादीत."

त्यांची अडचण खोटी नव्हती हे मला मान्य आहे. धरणाच्या पाण्यात दोऱ्या नसतात. वळणावर एक तरंगता फुगा असतो, तो ज्याला दिसतो त्याला दिसतो. वारा असतो, बुडालेली झाडं असतात. सरांनी त्यांना समजावलं की आंधळी माणसं समुद्रातसुद्धा लांबची अंतरं पोहतात. बाजूच्या नावेतून कोणी आवाजानं किंवा शिट्टीनं वाट दाखवतो. पोहायचं त्यांचं त्यांनाच असतं आणि नावेला हात लावायचा नसतो. शेवटी आयोजक चाचणी घ्यायला तयार झाले. नाव त्यांची, शिट्टीवाला माणूस त्यांचा. मी त्याच्याबरोबर सरळ पोहले तर स्पर्धेत, नाही तर शाल.

शिट्टीवाला भला माणूस होता. "मी उजवीकडे राहीन, शिट्टीच्या मागं या," म्हणाला. सुरुवातीला सगळं ठीक चाललं. डोक्यात धरून ठेवलं होतं: शिट्टीकडे, शिट्टीकडे. मग हात जड झाले, श्वासाकडे लक्ष गेलं आणि डोक्यातलं सुटलं. शिट्टी वाजली, अंग डावीकडे वळलं. तो बिचारा अजून जोरात वाजवू लागला, मी अजून जोरात पळू लागले. तो जीव तोडून मला बोलवत होता आणि मी जीव तोडून त्याच्यापासून लांब जात होते. शेवटी मी बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत जाऊन अडकले आणि त्यांनी मला ओढून वर काढलं.

"दिशेचं भान नाही," असा निकाल लागला. सौम्य आवाजात, म्हणून जास्त झोंबला.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. चालक कोणाला तरी बाजूला करायला हॉर्न वाजवत होता. माणूस हॉर्न ऐकून बाजूला होतो, हॉर्नकडे येत नाही. तेव्हा लख्ख कळलं. माझं दिशेचं भान चांगलं पक्कं होतं, फक्त ते मायनं घडवलेलं होतं.

गावी गेले तेव्हा माय शिंगाडे उकडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मंग मी का करू?"

"माझ्याबरोबर डोंग्यात चल. तू ठोकत जा."

"मले नाही जमत ते. मोठे लोक राहतात तिथं. मी कायले येऊ?"

मी उठून बोडीवर गेले आणि खूप वेळ पोहले. रागानं. परत आले तेव्हा शिंगाड्यांचं पातेलं उतरवलेलं होतं. तिनं एक सोललेला शिंगाडा माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "कधी आहे ते?"

आम्ही बोडीत सराव सुरू केला. मला वाटलं, रीत उलटी करून टाकावी. ठक म्हणजे ये. कितीतरी रविवार प्रयत्न केला. माझं अंग ऐकेना आणि मायचा हातही ऐकेना. मी वाकडी जाऊ लागले की तिचा बांबू जुन्याच बाजूला वाजायचा, आणि मग ती स्वतःवरच चिडायची. "असं नाही होत माह्याच्यानं. वेल दिसला का हात तिकडंच जाते." शेवटी आम्ही नाद सोडला. जुनी रीत तीच खरी. डावीकडे चुकले तर ती डावीकडे येऊन ठोकणार, उजवीकडे चुकले तर उजवीकडे. सरळ असेन तेव्हा काही नाही. सरांनी आयोजकांना बोलावून दुसरी चाचणी करून घेतली. मी सुतासारखी सरळ गेले. आयोजक पुन्हा भारावले आणि मायला म्हणाले, "आपने तो कमाल कर दी, माताजी." माय डोंगा काठाला ओढायला गेली.

स्पर्धेच्या सकाळी पाणी गार होतं. मायला त्यांनी तरंगायचं जाकीट दिलं. तिनं ते अंगात न घालता घडी करून बुडाखाली घेतलं आणि त्यावरून बरीच हुज्जत झाली. शेवटी घातलं. डोंगा तिथल्याच एका ढिवराचा, मागे वल्हं मारायला तोच, आणि पुढे माय बांबू घेऊन. "दुसऱ्याचा डोंगा, आवाज कसा येते का मालूम," असं पुटपुटत तिनं कड ठोकून पाहिली. सर इंजिनाच्या नावेत मागे लांब राहणार होते, कारण इंजिनाच्या आवाजानंही मी वाकडी जाते. नियम सगळ्यांना एकच. ठरलेल्या मुदतीत पोहोचलं तर यादीत, नाही तर नाही. मला तेवढंच हवं होतं. शाल नको, विशेष उल्लेख नको, पोहोचलेल्यांच्या रांगेत एक क्रमांक.

सुरुवातीला आजूबाजूला हातांचे फटके ऐकू येत होते. मग सगळे पुढे निघून गेले आणि पाणी रिकामं झालं.

हे रिकामपण मी कसं सांगू? बोडीत बेडूक असतात, बांध्यातली माणसं एकमेकांना हाका मारतात, कुठे बैल हंबरतो. धरणाच्या मध्यावर काहीच नव्हतं. कानात पाणी, डोळ्यांपुढे मंद उजेड, आणि आपलाच हात, पुन्हा आपलाच हात. मधे कधी दोरीला बांधलेली पेजेची बाटली जवळ येऊन पडायची आणि माय म्हणायची, "घे." पेज मिठाची, कोमट. बाटली परत गेली की पुन्हा शांतता. बांबू वाजत नव्हता. म्हणजे मी सरळ चालले होते. म्हणजे सगळं उत्तम होतं. आणि मला रडू यायला लागलं. पाण्यात रडताना श्वास चुकतो, म्हणून तेही नीट करता येत नव्हतं.

कारण आवाज नाही याचा दुसराही अर्थ होता. डोंगा मागे राहिला असेल तर? मायला डुलकी लागली असेल तर? ती तिथं नसेलच तर? सरळ जाणाऱ्या माणसाला हे कळायला काही मार्ग नाही.

एकदा खरोखरच चुकले. ठक, ठक. डावीकडून, अगदी जवळून. मी उजवीकडे वळले आणि मनात म्हटलं, आहे. माय आहे. त्या आनंदात पुढचं बरंच अंतर कसं गेलं ते कळलं नाही. मग तो आनंद विरला. पुन्हा तेच पाणी. तेव्हा मी मुद्दाम डावीकडे वळले.

ठक, ठक.

थोड्या वेळानं पुन्हा. मग उजवीकडे. लहान पोर झोपायच्या आधी पाणी मागतं, मग परत मागतं, तसं चाललं होतं माझं. दर वेळी वळायचं, तिचा बांबू ऐकायचा, परत सरळ व्हायचं, आणि यात किती पाणी फुकट जातंय याची फिकीर नव्हती.

"थांब," माय म्हणाली.

मी जागच्या जागी पाय मारत थांबले.

"काऊन वाकडी जाऊन राहिली? थकली का?"

"नाही."

"मंग?"

"तू आहेस का नाही ते पाहून राहिली होती."

वल्ह्याचा आवाजही थांबला. मागून लांबून सर ओरडले, "ताई, वेळ कमी आहे! थांबू नका!"

"मी कुठं जाईन?" माय म्हणाली. "तू सरळ जाऊन राहिली, तं कायले ठोकू? ठोकलं म्हणजे काम बिघडलं समज."

मग मी धरणाच्या मध्यावर, मुदत संपत आलेली असताना, आयुष्यात कधी बोलले नव्हते ते बोलले. "तू फोनपण करत नाहीस. वर्ष वर्ष करत नाहीस. बढती मिळाली तरी केला नाहीस."

वल्हं मारणारा खोकला. बिचाऱ्याला कुठे जायलाही जागा नव्हती.

"तुले नोकरी आहे," माय सावकाश म्हणाली, काय विचारलंय हे तिला नीट कळलं नसावं अशी. "खोली आहे. खाऊन-पिऊन आहे. सरळच जाऊन राहिली ना तू? मी कायले बोलू मधात?" आणि मग चिडून, "चाल आता. पानी थंडं होऊन राहिलं."

तिचा माझ्यावर विश्वास आहे वगैरे मला तेव्हा काही वाटलं नाही. मला भयंकर राग आला. तिचा, तिच्या बांबूचा, त्या बोडीचा, इतकी वर्षं मी त्या शांततेचा जो अर्थ लावला त्याचा. मी मान खाली घातली आणि हात मारू लागले. रागात मी सरळ पोहते. एकदाही वळले नाही. ती एकदाही बोलली नाही. फक्त आता त्या शांततेत कोणीतरी बसलेलं आहे हे मला माहीत होतं, आणि तरीही ती शांतताच होती, तिचा आवाज झाला नाही.

काठ जवळ आला तो गोंगाटानं. डफ वाजत होता, माईकवर कोणी बोलत होतं, लोक टाळ्या पिटत होते. "इकडे, ताई, इकडे!" शेवटच्या रेषेवर एक फळी टांगलेली होती, तिला हात लावायचा होता. आणि माझं अंग त्या सगळ्या आवाजापासून वळायला लागलं. किती बजावलं तरी वळायला लागलं. थकल्यावर डोक्याचं कोण ऐकतं? काठावरून "मुदत संपून राहिली" असं कोणी ओरडलं आणि डफ अजून जोरात वाजू लागला. मी पाठ फिरवून खोल पाण्याकडे निघाले होते.

तेव्हा माझ्या समोरून बांबू वाजला. ठक ठक ठक ठक. इतक्या जोरात तिनं कधीच ठोकलं नव्हतं. तिनं डोंगा माझ्या आणि खोल पाण्याच्या मधे आणला होता. मी गर्रकन वळले. आता ती मागून ठोकत होती, न थांबता, पोटरी सोलली होती त्या दिवसासारखी, आणि मी तिच्यापासून पळत सुटले. डफ, टाळ्या, माईक, काही ऐकू येईना. मायपासून पळत पळत माझा हात फळीवर आदळला.

मुदतीत. माझ्या मागे एकच जण होता, तोही माझ्यासारखाच खोकत वर आला. मंचावरून विशेष पुरस्काराची घोषणा होऊ लागली तेव्हा मी सरांमार्फत निरोप धाडला की रांगेतला क्रमांक तेवढा वाचा. त्यांनी वाचला. शेवटून दुसरा. मी तो नीट ऐकला.

माय डोंगा बांधून आली. तिनं माझे केस टॉवेलनं खसाखसा पुसले, लहानपणी पुसायची तसे, दुखतील इतके. तिच्या तळव्याला फोड आला होता, तो माझ्या कानाला लागला. "पेज उरली का?" तिनं विचारलं. उरली होती. आम्ही दोघींनी ती पिऊन टाकली. संध्याकाळच्या बसनं ती गावाकडे निघाली. घरी कोंबड्या होत्या.

"आता फोन करशील ना?" मी बसच्या दाराशी विचारलं.

"काही झालं तं करीन," ती म्हणाली.

मी पुन्हा खोलीवर आले. भिंतीपलीकडे कुकर वाजतो, मालिका लागते. फोन येत नाही. तो न येण्याचा अर्थ आता मला माहीत आहे आणि माहीत असूनही फार फरक पडत नाही. एकटं वाटतं ते वाटतंच. कधी कधी संध्याकाळी मीच तिला फोन लावते. ती लगेच उचलते आणि विचारते, "का झालं?"

"काही नाही," मी म्हणते.

"मंग?"

मी काही बोलत नाही. तीही बोलत नाही. तिच्याकडे मागे बेडकं ओरडत असतात. मी फोन ठेवत नाही, आणि तीही ठेवत नाही.